दणका मावशीचा ओटा

ज्या बाईला मी छापील अक्षरांत लबाड म्हटले, तिच्याबद्दल मला लिहायचे आहे. ठकूबाई मागच्या पावसाळ्यात गेली. तिला वाचता येत नव्हते. पण ती असती तर तिने मला समोर उभे करून हा मजकूर मोठ्याने वाचायला लावला असता, आणि तसला प्रसंग मी एकदा भोगलेला आहे. म्हणून ती गेल्यावर लिहितो आहे. माझ्या शौर्याचा अंदाज वाचकांना इथेच यावा.

मी पत्रके काढतो. चहा, विलायती बिस्किटे, हुंडा, बोलपट, रस्त्यावर थुंकणारे आणि थुंकणाऱ्यांना काही न बोलणारे, असे नाशकात माझ्या तडाख्यातून सुटलेले फारसे कोणी नाही. भद्रकालीतल्या ज्या छापखान्यात माझी पत्रके निघतात, तिथले जुने कंपोझिटर रहीमचाचा माझा कागद हातात आला की पहिल्याने त्यातली उद्गारचिन्हे बघतात. "बेटा, या चिन्हाचे एवढे खिळे आणू कुठून?" असे म्हणून निम्मी काढून टाकतात. माझा संताप लोकांपर्यंत नेहमी निम्माच पोचतो तो यामुळे.

ठकूबाई मखमलाबादच्या वाटेवरची माळीण. दिराच्या मळ्यात वांगी, मेथी, मिरची आणि बांधाकडेने झेंडू होई. तो माल डोक्यावर घेऊन ती उजाडता उजाडता गोदावरीच्या पुलाच्या तोंडाशी येऊन बसे. बसे म्हणजे जागा मिळाली तर. तिथे कुणाची जागा ठरलेली नव्हती. आधी येईल त्याची. उन्हे वर आली की डोक्यावर पदराखेरीज काही नाही, आणि एखाद्या साहेबाची मोटार यायची असली की शिपाई काठी आपटत येऊन सगळ्यांना उठवी. ठकूबाईला मात्र तो शक्यतो सोडून पुढे जाई. ती अंगाने थोराड, उंचीने माझ्याहून चार बोटे जास्त. कपाळावर कुंकवाच्या जागी हिरवे गोंदण. नवरा कधीच गेलेला. तिचा आवाज दोन तऱ्हांचा होता, आणि नवख्या माणसाची त्यात फसगत होई. खुशीत असली की ती ओरडे. पलीकडच्या काठावर धुणे धुणाऱ्या बायका वर बघत. रागावली की आवाज खाली येई. जितका राग जास्त तितका आवाज बारीक. एका वकिलाने वांगी दाबून दाबून बघितली तेव्हा मी तिथे होतो. "वांग्याला चिमटा काढू नका, दादा," ती अगदी हळू म्हणाली. "तुम्हाला काढू का?" वकिलांनी वांगे असे जपून खाली ठेवले की जणू ते झोपलेले मूल होते.

माणसांची नावे ती लक्षात ठेवत नसे. जो जे नेई ते त्याचे नाव. ते वकील म्हणजे 'वांगी'. एक म्हातारे शास्त्री 'दोडका'. मी काहीच विकत घेत नसे, उलट तिला पत्रक देई, म्हणून मी 'कागद'.

तिला दिलेले पहिले पत्रक चहाविरुद्धचे होते. तिने ते उलटसुलट पाहिले, मधोमध दुमडले, आणि त्यात मिरच्या घालून पुढच्या गिऱ्हाइकाच्या हातात दिल्या.

"अहो बाई, काय करता! त्यात देशाचं काम आहे!"

"मिरच्या बी देशाच्याच हायेत," ती म्हणाली. "आन हे बघ, कागद, पुढल्या वक्ताला एक बाजू कोरी ठेव. शाई मिरचीला लागती."

तिच्या मागे, पाटीच्या आडोशाला, तिची लेक चंद्री बसलेली असे. विशीतली पोर. सटाण्याकडे दिली होती. नवऱ्याने दुसरी बायको केली आणि हिला माहेरी आणून सोडले. चुलत्याच्या घरात दोन वेळ जेवण मिळे, पण ताट जरा जोरात ठेवले जाई. चंद्री गिऱ्हाइकाशी बोलत नसे. कुणी भाव विचारला तर आईकडे बघे. ठकूबाईला जगात एकच काळजी होती आणि तीच ती सगळ्यांना ऐकवी. "मी बसले तर शिपाई उठवत नाय. ही एकटी बसली तर कावळा बी उठवंल. मी गेल्यावर हिनं बसायचं कुठं?" ती हे ओरडून म्हणत नसे, बारीक आवाजातही नाही. अगदी मधल्या आवाजात म्हणे, आणि तो आवाज ऐकायला मला कधी आवडला नाही.

आता दामूशेठ. पंचवटीच्या टोकाला पेठचा रस्ता आणि दिंडोरीचा रस्ता जिथे फुटतात तिथे यांची खाणावळ आणि वर उतरायच्या खोल्या. खोल्या हवेशीर, आणि हवेशीर म्हणजे रिकाम्या. कारण नाशकाची रीत. आगगाडीतून माणूस उतरला की उपाध्यांची माणसे त्याला फलाटावरच गाठतात. गाव कुठले, आडनाव काय. तेवढे कळले की ठरल्या घरी घेऊन जातात. त्या घराच्या वहीत त्याच्या आजाच्या सहीसकट सगळे कूळ लिहिलेले असते. तिथेच उतरणे, तिथेच जेवणे, रामकुंडावर स्नान, श्राद्ध, आणि परतीची गाडी. पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक प्रवासी कुणाचा ना कुणाचा आहे. दामूशेठचा कोणीच नाही. ते म्हणत, "मला असा प्रवासी पाहिजे की ज्याचं नाव कुणाच्याच वहीत नाही. मजेला येणारा. मुंबईचा. तो कशानं येईल?"

उत्तर त्यांना थेटरात सापडले. त्या वर्षी 'दणका मावशी' नावाच्या बोलपटाने मुंबईपासून मालेगावपर्यंत वेड लावले होते. नऊवारीतली एक धिप्पाड मावशी लाटण्याने गुंडांना झोडपते, एवढीच गोष्ट. त्यात अर्धे मिनिट एक नदीचा घाट दिसतो. दामूशेठने तो पाहिला आणि खुर्चीतून उठून ओरडले, "आपलाच घाट!" तो घाट मुंबईत लाकडावर रंगवलेले कापड ताणून केलेला होता, हे मी त्यांना पुराव्यानिशी सांगितले. ते म्हणाले, "कापड कुठलं का असेना, घाट कुणाचा बघून रंगवला?" झाले. दणका मावशी नाशिकची ठरली. खाणावळीपुढे लाकडी कमान उभी राहिली, तीवर ठळक अक्षरे: 'दणका मावशीच्या गावात आपले स्वागत.' शेजारी मावशीचे चित्र काढून घेतले. पण रंगाऱ्याने डोळ्यांसमोर जी बाई होती तिचे काढले, आणि ती निघाली शेठाणी. शेठाणींनी लाटणे घेतलेले स्वतःचे चित्र हमरस्त्यावर पाहिले तेव्हा चित्र पुसायला रंगारी बोलवावा लागला नाही. मग शेठच्या मनाने घेतले की चित्र नको, जिवंत मावशीच उभी करावी.

ती त्यांना पुलावर मिळाली. रामकुंडाकडचा एक मोकाट पोळ, देवाला सोडलेला बैल, एका सकाळी भाजीत शिरला. सगळा बाजार पांगला. मी त्या वेळी निर्भयतेवरचे पत्रक वाटत होतो. ते मी एका दुकानाच्या ओट्यावर चढून वाटणे चालू ठेवले. ठकूबाई उठली, पोळाच्या समोर गेली, त्याचा कान धरला, आणि तोंड जवळ नेऊन त्याला काहीतरी अगदी हळू सांगितले. पोळ वळला आणि घाट उतरून गेला. गर्दीत दामूशेठ उभे होते. ते एवढेच म्हणाले, "हीच."

सौदा खाणावळीपुढे, माझ्यासमोर झाला. मी निषेध करायला गेलो होतो. पण कुणी मला बोलू दिले नाही.

"मावशी, मोटारी यायच्या वेळेला कमानीखाली उभं राहायचं. हातात लाटणं."

"लाटणं कशाला? आमच्यात भाकरी थापतात. लाटणं होळीला निघतं. खुरपं घेते की."

"खुरप्यानं लोक घाबरतील."

"आन लाटण्यानं?"

"हसतील. हसायलाच पाहिजेत."

ठकूबाई त्यांच्याकडे वळली. "मला हसतील?"

"तुम्हाला नाही हो. दणका मावशीला."

मग खाणावळीच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली एक रिकामा दगडी ओटा होता, त्याच्याकडे तिने बोट केले. "तो ओटा मला. मी हाय तवर माझा, मी गेल्यावर चंद्रीचा. उन्हात, पावसात, शिपाई आला तरी बी. मग हसू दे कुणाला हसायचं ते."

शेठ हो म्हणाले. तोंडी. त्या दिवसापासून चंद्री छपराखाली बसू लागली.

मावशी कशी असते ते कळावे म्हणून शेठने मायलेकींना बोलपट दाखवायला नेले. मीही त्या खेळाला होतो. थेटराबाहेर बोलपटांविरुद्ध पत्रके वाटणे हे माझे काम, पण शत्रूचा अभ्यास असावा म्हणून मी आत जाऊन बसत असे. त्या बोलपटाचा अभ्यास माझा तिसऱ्यांदा चालला होता. पडद्यावरच्या मावशीने पहिल्या गुंडाला हाणले आणि अंधारातून ठकूबाईचा आवाज साऱ्या थेटरात घुमला, "अगं बया, हिनं जन्मात पोळी लाटली नाय! फुंकणीवानी धरलंय लाटणं!" लोक हसले. दुसरा गुंड पडला. "एवढं हाणलं आन हात दुखला नाय हिचा. खोटं मारती!" लोक पडद्याकडे बघायचे सोडून मागे वळून बघू लागले. मी चंद्रीकडे पाहिले. पदर तोंडात कोंबून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिला दात आहेत हे मला तेव्हा कळले.

कमानीखालची दणका मावशी बोलपटातल्यासारखी झाली नाही. शेठने 'या, दणका खाऊन जा!' असे ओरडायला शिकवले होते. ठकूबाई ओरडे, "या, पाणी प्या! उन्हाचं आलाव, आधी बसा, मग हसा!" मुंबईच्या बायका तिच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढून घेत. खोल्या भरू लागल्या. ओट्यावरची मेथी दुपारच्या आत संपे.

आणि मी पेटलो. ज्या नाशकाला लेणी आहेत, घाट आहेत, पंचवटी आहे, त्याने सिनेमातल्या मावशीच्या नावावर पाहुणे बोलवावेत? मी पत्रक काढले. 'नाशिकचे दिवाळे! तीर्थक्षेत्राची विटंबना!! एका अबला भगिनीचे प्रदर्शन!!!' अबला भगिनीला मी विचारले नव्हते. लोकांना हा प्रकार कुठे चालतो ते कळावे म्हणून ठिकाण बारकाईने दिले होते: पूल ओलांडून सरळ, पेठ आणि दिंडोरी रस्ते फुटतात तिथे, उजव्या हाताला. हे मी नाशिक रोड स्टेशनावर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात दिले. आठवडाभरात लोक ते पत्रक हातात धरून, वाटेत कुणालाही न विचारता, थेट कमानीशी येऊ लागले. दामूशेठने मला टोपलीभर पेरू पाठवले आणि निरोप दिला, "मजकूर फार उत्तम. पुढच्या खेपेला मोटारीच्या वेळाही टाका." पेरू मी परत पाठवणार होतो. पण ते तोवर खाऊन झाले होते.

एवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

चैत्रात वणीच्या देवीची यात्रा. पेठकडच्या डोंगरातली माणसे चालत नाशकात येतात आणि दिंडोरीच्या रस्त्याने वणीला जातात. म्हणजे बरोबर दामूशेठच्या कमानीवरून. त्या माणसांनी बोलपट पाहिलेला नाही. त्यांनी काय पाहिले? फुलांनी सजवलेली कमान, खाली हिरव्या लुगड्यातली उंच, थोराड बाई, कपाळी गोंदण, उगारलेल्या हातात काहीतरी आयुध. वणीची देवी अठरा हातांत आयुधे घेऊन उभी असते. या वाटेवर देवीच सामोरी आली, असे त्यांना वाटले यात नवल ते काय? मी रस्त्याच्या पलीकडून जात होतो. मला दिसले ते असे: ठकूबाईच्या पायाशी नारळांची रास, खण, तांदूळ, एक बाई आपले तान्हे तिच्या पायांवर घालते आहे, एक म्हातारा आडवा पडला आहे. मी थांबलो नाही. रस्ता ओलांडला नाही. जे हवे होते ते मला मिळाले होते. मी तसाच छापखान्याकडे पळालो, आणि संध्याकाळच्या आत पत्रक बाहेर पडले. 'देवीचे सोंग घेऊन भाबड्यांना लुबाडणारी लबाड बाई!' रहीमचाचांनी खिळे जुळवता जुळवता विचारले, "तू विचारलंस तिला?" मी म्हणालो, "डोळ्यांनी पाहिलं." चाचांनी त्या दिवशी एकही उद्गारचिन्ह काढले नाही. त्यांची ती शिक्षा होती, हे मला मागाहून कळले.

हे पत्रक मात्र लोकांनी मनावर घेतले. देवाधर्माची माणसे चिडली, उपाध्यांपैकी काही जण दामूशेठच्या दारी गेले, कुणी फौजदाराचे नाव काढले. शेठ घाबरले. दुसऱ्या सकाळी कमान उतरली, आणि तिच्याबरोबर ओटाही गेला. "ओटा मावशीचा होता," शेठ म्हणाले. "मावशी नाही, तर ओटा कुणाचा?" चंद्रीने पाटी उचलली.

त्या दुपारी ठकूबाई छापखान्यात आली. मागे चंद्री. ठकूबाईच्या हातात माझे पत्रक होते आणि त्यात या वेळी मिरच्या नव्हत्या. तिने ते माझ्यासमोर धरले.

"वाच," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की छपाईचे ट्रेडल चालवणाऱ्याने यंत्र थांबवले.

मी वाचू लागलो. आपलाच मजकूर मोठ्याने वाचणे ही काय चीज आहे ते ज्याने केले असेल त्यालाच कळेल. पहिली ओळ झाली.

"भाबडे म्हंजे कोण?"

"म्हणजे... साधी माणसं. ज्यांना कळत नाही अशी."

"पेठकडली?"

"हो."

"आन लुबाडणारी?"

चाचा खिळ्यांच्या घरात काहीतरी शोधत होते.

"वाच की."

मी शेवटपर्यंत वाचले. मग बोलली ती चंद्री. मी तिचा आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"आईनं एक बी नारळ घेतला नाय," ती म्हणाली. "म्हातारबाबाला हाताला धरून उठवलं. म्हणली, मी भाजी विकते बाबा, देवी तिकडं वर हाय. ते ऐकंनात. म्हणत होते, देवी असंच म्हणती. मग आईनं लाटणं टाकलं, सगळे नारळ त्यांच्याच फडक्यात बांधले, खण बांधले, आन त्या बाईचं लेकरू कडंवर घेऊन दिंडोरीच्या रस्त्यानं त्यांच्यासंगं चालत गेली. पार पुढच्या गावापत्तोर. उन्हाची. शेठ ओरडत व्हते, मोटार आली, मोटार आली. ही गेलीच. सांजच्याला परत आली तवा तुमचा कागद आला व्हता."

ठकूबाईने लेकीकडे पाहिले, जणू ती कुणी दुसरीच होती. मग माझ्याकडे वळली.

"तू व्हतास तिथं?"

"होतो. रस्त्याच्या पलीकडे."

"किती पावलं व्हती रं?"

मग, मला जे एकच येते ते मी देऊ केले. "मी दुरुस्तीचं पत्रक काढतो. आजच. क्षमा मागतो, मोठ्या टायपात."

"कागद नको," ती म्हणाली. "तोंडानं सांग. चल."

आणि ती मला पंचवटीपर्यंत चालवत घेऊन गेली. मी तोंडाने बोलत नाही, हे माझ्या चळवळीतल्या मित्रांना ठाऊक आहे. सभेत मी मागे बसतो आणि कागद पुढे पाठवतो. त्या दुपारी मी दामूशेठच्या खाणावळीपुढे, जेवून बाहेर पडणाऱ्या लोकांसमोर उभा राहून सांगितले की मी लिहिले ते खोटे आहे, मी पाहिले ते अर्धे आहे, आणि अर्धे पाहण्याचे कारण मी रस्ता ओलांडला नाही हे आहे. एक उपाध्ये तिथेच होते. ते ठकूबाईला म्हणाले, "बाई, आमचं चुकलं," आणि निघून गेले. ते माझ्याहून मोठे. त्यांना तीन शब्द पुरले.

दामूशेठ मऊ पडले, पण पुरते नाही. "कमान पुन्हा लावतो. पण बाई नको. बाई उभी केली की यात्रा संपेपर्यंत कुणी ना कुणी पाया पडणार. पुरुष पाहिजे. नाटकात पुरुष लुगडं नेसत नाहीत का? पुरुषाच्या कोणी पाया पडायचं नाही." हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. ठकूबाईही माझ्याकडे बघू लागली.

"ह्याला मिशी हाय," ती म्हणाली.

"मिशी काढता येते," शेठ म्हणाले.

यात्रेपासून पावसापर्यंत नाशिकची दणका मावशी मी होतो. ज्या सिनेमाच्या मावशीला गावातून हाकलायला मी निघालो होतो, तिचे लुगडे नेसून मी चैत्र-वैशाखाच्या उन्हात कमानीखाली उभा राहिलो, आणि ओटा चंद्रीकडे राहिला. लुगडे ठकूबाईचे, चार बोटे उंच होते, ते मला रोज खोचावे लागे. तिने मला उभे राहायला शिकवले. "पाय रोव. असा भुईत. घशातनं ओरडू नको, पोटातनं ओरड. आन हसणाऱ्याकडं बघू नको, उन्हानं कोण वाळलाय त्याच्याकडं बघ. त्याला पाणी दे." मुंबईकर माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. माझ्या चळवळीतले मित्र मोटारीतून जाताना ओळखीचे कुणी दिसले नाही असे करत. एकदा भर दुपारी रहीमचाचा मुद्दाम भद्रकालीहून चालत आले, मला वरून खाली बघितले, "पदर सांभाळ, बेटा," म्हणाले, आणि आले तसे परत गेले.

एक गोष्ट ठकूबाईने त्याच आठवड्यात केली. मला म्हणाली, "आता तुझा कागद काढ. शेठचं बोलणं मी एकदा ऐकलंय." मी कागद केला. चार ओळी. ओटा चंद्रभागाबाईचा, म्हणजे चंद्रीचा, छपरासकट, मावशी असो वा नसो. शेठने सही केली, चाचा साक्षीदार झाले. मी लिहिलेल्यांपैकी ज्याने कुणाचे भले झाले असा तो एकच कागद आहे, आणि त्यात एकही उद्गारचिन्ह नाही.

पावसाबरोबर दणका मावशीचे वेड ओसरले. पुढच्या साली चोर पकडणाऱ्या पोपटाचा बोलपट आला आणि दामूशेठने पोपट पाळला. मी मिशी पुन्हा वाढवली.

ठकूबाई मला शेवटची दिसली ती गेल्या ज्येष्ठात, पाऊस यायच्या आधी. ती पुलाच्या तोंडाशी उन्हात बसली होती. डोक्यावर पदर, पुढे मेथी, मागे कोणी नाही. चेहरा खूप उतरलेला. मला राग आला.

"बाई, एवढं करून ओटा मिळवला, आणि तुम्ही पुन्हा इथं उन्हात?"

"तिथं चंद्री हाय."

"मग दोघी बसा ना! ओटा केवढा आहे!"

"बसून बघितलं," ती म्हणाली. "दोघी बसलो की गिऱ्हाईक माझ्याकडंच येतं. ती माझ्या तोंडाकडं बघत बसती. मग ती बोलंल कवा?"

मी तिथेच तिच्या पाटीशेजारी बसलो. तेवढ्यात मुंबईचे एक नवरा-बायको मुलांना घेऊन पूल ओलांडून आले. गृहस्थांनी तिला विचारले, "अहो बाई, इथं ती दणका मावशी उभी असते ना? आमच्या शेजाऱ्यांनी फोटो काढला होता."

"ही काय, बसलीय की," ठकूबाई माझ्याकडे बोट करून म्हणाली. गृहस्थांनी माझ्या मिशीकडे पाहिले आणि कसनुसे हसले. त्यांची बायको खाली वाकून मेथीची जुडी उचलत होती.

"ती नका घेऊ, बाई," ठकूबाईने तिचा हात हलकेच बाजूला केला. "माझी कालची हाय. ताजी पायजे तर सरळ जा, पेठचा रस्ता फुटतो तिथं छपराखाली माझी लेक बसती. तिला ईचारा. बोलती ती चांगली."

ती मंडळी पुढे गेली. मी जुडी हातात घेतली. मुळांची माती अजून ओली होती.